छोट्या व्यावसायिकाने आमदारकीची निवडणूक कशी लढवावी

गाळ्याच्या भाड्याचा वाद चालतो तो 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली. नोकरांच्या सुट्ट्या आणि कामाचे तास 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात, व्यवसाय कर 1975 च्या कायद्यात, बाजार समितीचा सेस 1963 च्या कायद्यात. राज्याचा जीएसटी कायदासुद्धा विधिमंडळानेच मंजूर केला. किराणा, हार्डवेअर, गॅरेज, प्रिंटिंग प्रेस किंवा मंडप डेकोरेशन चालवणारा माणूस या सगळ्यांचा भार रोज उचलतो, पण हे कायदे बनतात त्या सभागृहात त्याच्यासारखे फार थोडे दिसतात. हे बदलावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नवखा उमेदवार मतमोजणीच्या दिवशी हरला असं दिसतं, पण बहुतेक वेळा तो त्याच्या कितीतरी आधी कागदावर आणि मतदार यादीवर हरलेला असतो. रोजमेळ लिहिणं आणि गिऱ्हाईक नावानिशी ओळखणं हे दुकानदाराचं रोजचंच काम आहे. या दोन सवयी निवडणुकीत वापरल्या तर तुम्ही पहिल्याच वेळी अनेकांच्या पुढे असाल.

आधी हिशेब मांडा

महाराष्ट्रात विधानसभेच्या 288 जागा आहेत. त्यांतल्या 29 अनुसूचित जातींसाठी आणि 25 अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. 20 नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत राज्यात सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार आणि एक लाखाच्या आसपास मतदान केंद्रं होती. भागाकार केला तर एका मतदारसंघात सरासरी 3 लाख 37 हजार मतदार आणि साधारण 350 बूथ येतात. मतदान 66 टक्क्यांच्या आसपास झालं, म्हणजे सव्वादोन लाखांच्या जवळपास मतं पडली.

डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात, आणि या हिशेबात नोटा धरत नाहीत. म्हणजे निव्वळ डिपॉझिटसाठी 37 हजारांच्या आसपास मतं हवीत. 2024 ला चार हजारांहून जास्त उमेदवार उभे होते, त्यांतले अर्ध्याच्या आसपास अपक्ष. निवडून आलेले अपक्ष दोन. 1995 साली हाच आकडा 45 होता. काळ बदलला आहे, आणि अपक्ष लढायचा विचार असेल तर हे दोन आकडे घरच्यांना दाखवून मगच ठरवा.

दुसरी बाजूही बघा. त्याच निवडणुकीत मालेगाव मध्यचा निकाल 162 मतांनी लागला आणि साकोलीचा 208 मतांनी. एवढी मतं एखाद्या मोठ्या गल्लीत असतात.

पात्रता आणि सरकारी ठेका

वय छाननीच्या दिवशी 25 पूर्ण हवं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. ज्या मतदारसंघात उभं राहायचं तिथलंच असावं असं नाही. नाव दुसरीकडे असेल तर त्या यादीची प्रमाणित प्रत अर्जासोबत किंवा छाननीत द्यावी लागते. काही गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेल्यांना कायद्याने अपात्र ठरवलं आहे. राज्य सरकारकडे लाभाचं पद असेल तरी अडचण येते.

व्यावसायिकाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 9-अ कडे. आपल्या धंद्याच्या ओघात राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारचं काम करण्याचा करार चालू असेल, तर तो उमेदवार आमदारकीसाठी अपात्र ठरतो. मंडपवाले, स्टेशनरीवाले, छोटे बांधकाम ठेकेदार, शासकीय वसतिगृहाला भाजीपाला देणारे, या सगळ्यांनी हे कलम वकिलाकडून समजून घ्यावं. काम पूर्ण झालंय आणि फक्त बिल अडकलंय, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असं धरत नाहीत. काम अर्धं असेल तर मात्र धोका आहे. करार कुणाशी आहे हेही पाहावं लागतं: राज्य सरकारचं खातं वेगळं, नगरपरिषद वेगळी, महामंडळ वेगळं. जुन्या सगळ्या वर्कऑर्डर एका फायलीत लावा आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला प्रत्येकीच्या मागे जोडा. हे काम अर्ज भरायच्या आठवड्यात होत नाही. वर्षभर आधी करा.

पहिली पायरी गल्लीत असते

दुकानातून थेट विधानसभेत गेलेली माणसं थोडी. जे गेले ते बहुधा पायऱ्या चढत गेले. एकनाथ शिंदे रिक्षा चालवायचे. 1997 साली ठाणे महापालिकेत नगरसेवक झाले आणि 2004 साली आमदार. गुलाबराव पाटील आपण पानटपरी चालवायचो हे सभांमधून स्वतः सांगतात. तेही पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेतून पुढे आले आणि 1999 साली विधानसभेत पोहोचले. दोघांचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, वाट कशी चढतात ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

व्यापाऱ्यासाठी एक दार तर जवळच असतं. कृषी उत्पन्न बाजार समितीच्या 18 संचालकांमध्ये 2 जागा व्यापारी-आडत्यांच्या असतात आणि मतदार तुमचेच परवानाधारक भाऊबंद. पतसंस्था, व्यापारी महासंघ, गावची सोसायटी इथेही निवडणुकीचं बाळकडू मिळतं. मग ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषद.

इथे नवख्यांचा एक गोंधळ होतो. स्थानिक संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेची भारत निवडणूक आयोग. दोघांचे फॉर्म, खर्चमर्यादा आणि अटी वेगळ्या. स्थानिक निवडणुकीला वय 21 चालतं. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर महाराष्ट्रात स्थानिक संस्थेला उभं राहता येत नाही; विधानसभेला ही अट नाही. एका निवडणुकीचं ऐकून दुसरीचा अर्ज भरू नका.

महिला व्यावसायिकांना खास सांगणं आहे. स्थानिक संस्थांमध्ये महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने विधानसभेतही एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायचं ठरलं आहे, त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे. सध्याच्या सीमा 2008 च्या पुनर्रचनेच्या आहेत. त्यामुळे आजचा मतदारसंघ पुढे तसाच राहील हे कुणीच धरून चालू नये, पण बचत गट, खानावळ किंवा ब्युटी पार्लर चालवणाऱ्या बाईने आतापासून वॉर्डातून कामाला लागावं.

मतदार यादी हीच खरी खतावणी

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी भागनिहाय मिळते. तुमच्या आसपासचे दहा भाग डाउनलोड करा आणि छापून घ्या. रात्री शटर अर्धं खाली ओढल्यावर काउंटरवर यादी पसरून बसा, सोबत त्या आळीत वाढलेला एक जुना माणूस आणि एक कॉलेजला जाणारा मुलगा घ्या. एकेक नाव वाचा. वारलेल्यावर एक खूण, पुण्या-मुंबईला गेलेल्यावर दुसरी, लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीवर तिसरी. घर आहे पण यादीत नाव नाही अशांची वेगळी पाटी करा. पहिल्या तासातच लक्षात येईल की ज्या गिऱ्हाइकाला तुम्ही वीस वर्षं ओळखता त्याचं मत भलत्याच शाळेच्या केंद्रावर आहे.

नवीन नावासाठी फॉर्म 6, वगळण्यासाठी फॉर्म 7, पत्ता बदल आणि दुरुस्तीसाठी फॉर्म 8. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. त्यामुळे 18 पूर्ण झालेल्या पोरांना वर्षभर थांबावं लागत नाही. तुमच्या भागाचा बीएलओ, म्हणजे बूथची यादी सांभाळणारा अधिकारी, कोण ते शोधा. बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडी सेविका असतात. त्यांच्याशी आदराने वागा, त्यांच्याकडे मूळ कामाचाच भार असतो. फॉर्म 7 मात्र खात्री असल्याशिवाय कुणाविरुद्ध देऊ नका, खोटी माहिती देणं गुन्हा आहे.

हे काम दोन वर्षं केलं की तुमच्याकडे असा ऐवज तयार होतो जो तालुक्यातल्या भल्याभल्या पुढाऱ्यांकडे नसतो. पक्षसुद्धा तिकीट देताना हेच विचारतो: बूथ किती, माणसं किती?

पक्ष की अपक्ष

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा लढताना पक्षातून प्रयत्न करा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) लागतो, चिन्ह आधीच लोकांना माहीत असतं आणि मतदान यंत्रावर नाव वरच्या गटात येतं. अपक्षाला त्याच मतदारसंघातले 10 सूचक लागतात, मोकळ्या चिन्हांतून पसंतीक्रम द्यावा लागतो आणि नाव अगदी खालच्या गटात जातं. चिन्ह हातात पडल्यावर प्रचाराला जेमतेम दोन-अडीच आठवडे उरतात.

पण पक्षात गेलात म्हणजे तिकीट मिळालं असं नव्हे. युतीत जागा मित्रपक्षाला सुटते, शेवटच्या रात्री बाहेरून आलेल्याला तिकीट जातं. म्हणून पक्षाकडे काय मागायचं ते टप्प्याने मागा: आधी वॉर्ड, मग तालुक्याची जबाबदारी, मग विधानसभा.

धंद्याची घडी

निवडणुकीच्या काळात दुकान कोण बघणार हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. बायको किंवा भाऊ सह्या करणार असतील तर बँकेत तसे अधिकार द्या. जीएसटी विवरणपत्रं, आयकर, मालमत्ता कर, वीजबिल सगळं चोख करा, कारण प्रतिज्ञापत्रात सरकारी देणी रकान्यानिशी विचारतात, जीएसटीची थकबाकीसुद्धा. कर्ज काढून लढू नका. घर किंवा दुकान तारण ठेवून निवडणूक लढवलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्या कर्जाचे हप्ते त्यांच्या मुलांना फेडावे लागतात.

उधारीबद्दल सावध राहा. सणाला गिऱ्हाइकाची बाकी सोडून देणं ही चांगली रीत असेल, पण उमेदवार झाल्यावर तीच गोष्ट मतासाठी दिलेली लाच म्हणून मांडली जाऊ शकते. आचारसंहिता लागली की सूट, कूपन, भेटवस्तू, मोफत डबे सगळं बंद. मतदानाच्या दिवशी आपल्या नोकरांना पगारी सुट्टी द्या, तो कायदाच आहे.

अर्ज भरणं

अधिसूचना निघाल्यापासून सातव्या दिवसापर्यंत अर्ज भरता येतात, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची शेवटची तारीख. मध्ये सुट्टी आली तर तारीख पुढे सरकते. वेळ सकाळी 11 ते दुपारी 3. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, अनामत एकदाच: 10 हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 5 हजार.

ही कागदपत्रं हातात हवीत: विधानसभेचा अर्ज नमुना 2-ब, फॉर्म 26 चं प्रतिज्ञापत्र, मतदार यादीतल्या नोंदीची प्रत, अनामतीची पावती, फोटो, राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि पक्षाचा असेल तर एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने दिलेलं पत्र. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं असावं, तुमच्या एकट्याच्या नावावर किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत.

फॉर्म 26 मध्ये तुमची, पती किंवा पत्नीची, अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, पाच वर्षांचं उत्पन्न, खटले, शिक्षण, सरकारशी असलेले करार हे सगळं येतं. एकही रकाना मोकळा सोडू नका. जिथे काही नाही तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. मोकळ्या रकान्यांबाबत अधिकारी आठवण करून देतात, पण त्यानंतरही तो भरला नाही तर अर्ज बाद होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली हे स्पष्ट केलं आहे. फौजदारी खटले असतील तर ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावे लागतात.

सूचकांची निवड नीट करा. 2024 च्या लोकसभेला गुजरातेत सुरतला काय झालं ते आठवा: सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असं सांगितलं, काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला. म्हणून सह्या तुमच्या डोळ्यांसमोर घ्या, प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः तपासा, आणि दोन अर्जांवर वेगवेगळे सूचक ठेवा.

पक्षाच्या इच्छुकाने एक अर्ज 10 सूचकांसह जरूर भरावा. एबी फॉर्म शेवटच्या दिवशी 3 वाजेपर्यंत पोहोचला नाही तर एका सूचकाचा अर्ज बाद होतो, दहा सूचकांचा अपक्ष म्हणून टिकतो.

अर्जाच्या दिवशी मिरवणूक काढायची तर काढा, पण कार्यालयापासून 100 मीटरच्या आत तीनच गाड्या आणि दालनात उमेदवारासह पाचच माणसं. शेवटच्या दिवशी अडीच वाजता रांगेत उभं राहण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी जा. चूक निघाली तर दुरुस्त करून दुसरा अर्ज भरायला वेळ राहतो. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायला विसरू नका. ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झाली पाहिजे, आणि तिचा दाखला मागून घ्या.

खर्चाचं रजिस्टर

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा 40 लाख रुपये आहे, गोव्यात 28 लाख. 350 बूथांवर 40 लाख वाटले तर एका बूथला साडेअकरा हजारांच्या आसपास येतात. एवढ्यात टेबल, चहा-नाश्ता, स्लिपा, गाडी आणि कार्यकर्त्यांचं जेवण बसवायचं. म्हणून होर्डिंगांवर उधळू नका.

रजिस्टर तीन रंगांचं मिळतं: पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. ज्याने रोजमेळ लिहिला आहे त्याला हे अर्ध्या तासात कळतं. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ते खर्च निरीक्षकांना दाखवावं लागतं, आणि प्रशासन तुमच्या सभांचं चित्रीकरण करून तुमच्या खर्चाच्या स्वतः ठेवलेल्या नोंदीशी, म्हणजे शॅडो रजिस्टरशी, ते ताडून बघतं. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून 10 हजारांपर्यंतच रोख देता येते. पुढचं सगळं चेक किंवा ऑनलाइन.

व्यावसायिकाची गफलत इथे होते: मंडप आपलाच, प्रेस आपलीच, टेम्पो घरचाच, मग खर्च कसला? तो खर्चच आहे. जिल्हा निवडणूक अधिकारी खुर्ची, माईक, फ्लेक्स, वडापाव अशा सगळ्याचं दरपत्रक ठरवतात, आणि घरच्या वस्तूची किंमत त्या हिशेबाने लागते. तुमची प्रेस असेल तर प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापा, नाहीतर तो गुन्हा आहे.

प्रचार आणि मतदानाचा दिवस

सभा, वाहनं, लाऊडस्पीकर यांची परवानगी निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर मिळते. लाऊडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. टीव्ही, केबल आणि सोशल मीडियावरच्या जाहिराती आधी प्रमाणित करून घ्याव्या लागतात. मतदान संपण्याच्या 48 तास आधी जाहीर प्रचार थांबतो. याहून जास्त सांगायची गरज नाही. पायी फिरा आणि गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोला.

मतदान प्रतिनिधी मात्र प्रत्येक बूथला बसवा. मतदानाच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे यंत्राचं चाचणी मतदान होतं, किमान 50 मतांचं. ते संपल्यावर यंत्र शून्यावर आणलेलं आपल्या माणसाने डोळ्यांनी बघावं. संध्याकाळी नमुना 17-सी ची प्रत हातात घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये, त्यावर एकूण किती मतं नोंदली गेली आणि यंत्रांचे क्रमांक काय ते असतं. मोजणीच्या टेबलावर हाच कागद लागतो. ज्याला हे काम द्याल तो भाषण करणारा नको, किराणा यादीतली एक ओळसुद्धा न चुकवणारा हवा.

निकालानंतर

जिंकलात किंवा हरलात तरी निकालापासून 30 दिवसांत खर्चाचा पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. हरलेले उमेदवार बऱ्याचदा हे टाळतात, आणि मग आयोग त्यांना तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. पुढच्या निवडणुकीला यादी तयार, माणसं तयार आणि उमेदवारच बाद. अर्ज भरल्यापासून निकालाच्या दिवसापर्यंतची सगळी बिलं तारखेने लावा, बँकेचं स्टेटमेंट जोडा, सीएकडून एकदा तपासून घ्या. हिशेब दिल्याची पोच घ्या, अनामत परत मिळणार असेल तर तिचा अर्जही त्याच फेरीत द्या, आणि सगळ्याची झेरॉक्स दुकानाच्या आयकराच्या फायलीत ठेवा. नोटीस आली तर उत्तराला तीच कागदं लागतात.